वापरलेली डिझायनर हँडबॅग घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी डिझायनर बॅग घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: खरी कशावरून? बाकीचे प्रश्न बॅग घरी आल्यावर सुचतात आणि तेव्हा बहुतेकदा परत करण्याची मुदत संपत आलेली असते. घेण्याआधीचे आणि घेतल्यानंतरचे, असे दोन्ही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

विंटेज आणि सेकंड-हँड यात फरक काय?

सेकंड-हँड म्हणजे आधी कुणीतरी वापरलेली. ती गेल्या महिन्यात दुकानातून घेतलेली असली तरी सेकंड-हँडच. विंटेज म्हणताना बाजारात साधारण वीस वर्षांची सीमा धरतात, आणि शंभरी ओलांडली की अँटिक. विक्रेते मात्र ‘विंटेज’ हा शब्द सढळ हाताने वापरतात. आठ-दहा वर्षांची, रंग उडालेली बॅग विंटेज म्हणून मांडलेली दिसली तर सरळ वर्ष विचारा. वर्ष कळल्याशिवाय पुढची कुठलीच तपासणी नीट करता येत नाही.

नवी घेता येत असताना जुनी का घ्यावी?

काही मॉडेलं आता बनतच नाहीत, हे पहिलं कारण. दुसरं, काही गोष्टी पूर्वी खरोखर जास्त चांगल्या होत्या. शनेलच्या जुन्या बॅगांच्या धातूवर २४ कॅरेट सोन्याचा मुलामा असायचा. साधारण २००८ च्या सुमारास ते थांबलं. तीस वर्षांच्या बॅगेची कडी आजही ज्या रंगाने चमकते तो रंग नव्या कडीला नसतो, हे दोन्ही शेजारी ठेवल्यावर लगेच दिसतं. कोचच्या जुन्या बॅगा बेसबॉलच्या हातमोज्यावरून सुचलेल्या जाड चामड्याच्या आणि बिनअस्तराच्या असत. त्या वापरून वापरून सुंदर होतात.

तिसरं कारण व्यवहाराचं. बहुतेक ब्रँडांच्या बॅगेची किंमत दुकानाबाहेर पडताच उतरते. ती झळ पहिल्या मालकाने सोसलेली असते. हर्मेसच्या बर्किन आणि केली या बॅगांना हा नियम लागू नाही. त्या वापरलेल्या असूनही अनेकदा दुकानापेक्षा महाग विकल्या जातात.

पहिलीच बॅग घेते आहे. सुरुवात कुठून करू?

बर्किनपासून करू नका. शनेलच्या क्लासिक फ्लॅपपासूनही नको. ज्या बॅगांची नक्कल सर्वात जास्त आणि सर्वात चांगली होते, त्यांच्यावर डोळा तयार करायला जाणं महागात पडतं. कोचची नव्वदच्या दशकातली किंवा त्याआधीची बॅग, प्राडाची नायलॉनची एखादी लहान पर्स, लुई व्हिटॉनची जुनी स्पीडी, यातून सुरुवात बरी. यांचीही नक्कल होते, व्हिटॉनची तर भरपूर होते. पण या बॅगा इतक्या संख्येने बाजारात आहेत की तुलनेला अस्सल नमुने भरपूर मिळतात.

त्याआधी एक काम करा. जे मॉडेल घ्यायचं आहे त्याच्या अस्सल बॅगा प्रत्यक्ष हाताळा. ब्रँडच्या दुकानात जा, चांगल्या सेकंड-हँड दुकानात जा, मैत्रिणीची मागून बघा. चेन तळहातावर घ्या, झिप चार वेळा ओढा, हँडल मुठीत धरून बॅग उचला. वजन आणि स्पर्श फोटोंतून कळत नाही, पण एकदा हाताला कळलं की विसरत नाही.

अस्सल बॅग ओळखण्याची एक खात्रीची खूण कोणती?

अशी खूण नाही. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

नक्कल करणाऱ्यांनाही खुणा माहीत असतात. एखादी खूण सगळ्यांना ठाऊक झाली की पुढच्या खेपेच्या नकली मालात ती बरोबर केलेली असते. म्हणून एका खुणेवर भिस्त ठेवणारा फसतो. नक्कल करणाऱ्याला जमत नाही ती गोष्ट म्हणजे सगळ्या बाबी एकमेकींशी जुळवणं. नंबर ज्या वर्षाचा, त्या वर्षी हे मॉडेल होतं का? असलं तर त्या वर्षी अस्तर असंच होतं का? झिप तीच होती का? ठसा याच अक्षरात होता का? चामड्यावर जेवढं वय दिसतं तेवढंच धातूवर दिसतं का? पाच साक्षीदार वेगवेगळे विचारले आणि पाचांची हकिकत एकच निघाली, तर विश्वास ठेवायला जागा आहे. एकाची हकिकत वेगळी निघाली तर तिथे थांबायचं आणि कारण शोधायचं. कारण साधंही असू शकतं, जसं की दुरुस्तीत हँडल बदललेलं असणं. पण ते कळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

सिरीयल नंबर आणि डेट कोड कसे वाचायचे?

प्रत्येक घराची, म्हणजे ब्रँडची, पद्धत वेगळी आहे, म्हणून एकेक घेऊ.

लुई व्हिटॉनच्या बॅगेत ‘सिरीयल नंबर’ नसतोच. असतो तो डेट कोड, म्हणजे कारखाना आणि काळ सांगणारी अक्षरं-आकडे. एकच कोड अनेक बॅगांवर असतो, त्यामुळे ‘हाच नंबर दुसऱ्या बॅगेवर दिसला’ म्हणून घाबरू नका. हे कोड ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहेत. त्याआधीच्या बॅगेत कोड नसणं स्वाभाविक आहे. १९९० पासून दोन अक्षरं आणि चार आकडे आले. १९९० ते २००६ या काळात पहिला आणि तिसरा आकडा मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. ०९६५ असं लिहिलं असेल तर महिना ०६ आणि वर्ष ९५, म्हणजे जून १९९५. २००७ पासून महिन्याच्या जागी आठवडा आला: ४११२ म्हणजे २०१२ सालचा ४१ वा आठवडा. आता १९५८ हा कोड बघा. महिना १५, वर्ष ९८. पंधरावा महिना कुठून आणायचा? असे कोड नकली बॅगांवर खरोखर सापडतात, कारण छापणाऱ्याने आकडे नुसते कुठून तरी उचललेले असतात. दुसरी परीक्षा मॉडेलची. नेव्हरफुल २००७ मध्ये आली. तिच्या आत १९९० च्या दशकातला कोड असेल तर पुढे काही बघायची गरजच नाही. २०२१ मध्ये व्हिटॉनने छापील कोड बंद करून बॅगेत चिप घालायला सुरुवात केली, म्हणून अलीकडच्या बॅगेत कोड सापडला नाही तर ते बरोबरच आहे.

शनेलमध्ये ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून नंबराचं स्टिकर आतल्या बाजूला लावलं जाऊ लागलं, आणि तोच नंबर असलेलं कार्ड सोबत येऊ लागलं. २००५ च्या सुमारास नंबर सातावरून आठ आकड्यांवर गेला. त्यामुळे आठ आकडी नंबर असलेली बॅग ‘नव्वदच्या दशकातली’ म्हणून विकली जात असेल तर दोन्ही खरं असूच शकत नाही. २०२१ पासून स्टिकर आणि कार्ड जाऊन चिप असलेली छोटी धातूची पट्टी आली. जुन्या बॅगांचं स्टिकर झिजून पडलेलं असणं नेहमीचं आहे. एवढ्यावरून बॅग नकली ठरत नाही, मात्र इतर बाबींची तपासणी जास्त कडक करावी लागते आणि किंमतही त्या मानाने उतरायला हवी.

हर्मेसवर चामड्यात दाबलेलं अक्षर असतं. १९७१ ते १९९६ वर्तुळात, १९९७ ते २०१४ चौकोनात, आणि त्यानंतर अक्षराभोवती काहीच नाही. वर्तुळाच्या काळात १९७१ चा ए, तिथून दरवर्षी एक अक्षर पुढे. बर्किन १९८४ मध्ये आली, त्या वर्षाचं अक्षर वर्तुळातला एन. म्हणजे वर्तुळातला एच असलेली बर्किन १९७८ ची ठरते, बर्किन जन्माला येण्याच्या सहा वर्षं आधीची.

गुचीच्या आतल्या चामडी पट्टीवर आकड्यांच्या दोन ओळी असतात. वरची ओळ मॉडेलचा क्रमांक असते आणि त्या मॉडेलच्या सगळ्या बॅगांवर तीच येते. तो क्रमांक शोधून बघितला आणि वेगळ्याच आकाराची बॅग समोर आली, तर पाणी कुठे मुरतंय ते कळलं.

नंबर बरोबर निघाला. आता निश्चिंत राहू का?

नाही. अस्सल बॅगेवरून नंबर उतरवून घेणं सोपं असतं. नंबर चुकला तर बॅग गेली. नंबर बरोबर असला तर तपासणी सुरू झाली.

ऑथेंटिसिटी कार्ड, पावती आणि डबा असेल तर?

हर्मेस आणि लुई व्हिटॉन ऑथेंटिसिटी कार्ड देतच नाहीत. त्यांच्या बॅगेसोबत ‘अस्सलतेचं कार्ड’ दाखवलं जात असेल तर ते कार्डच बॅगेविरुद्धचा पुरावा आहे. डबे, डस्ट बॅगा, रिबिनी, पावत्या हे सगळं वेगळं विकलं जातं आणि बनावटही मिळतं. सोबत असलं तर आनंद आहे, पुढे विकताना थोडा फायदाही होतो. पण डबा बघून बॅग घेऊ नका.

बॅग हातात आल्यावर नेमकं काय बघायचं?

दिवसाउजेडी खिडकीजवळ बसा आणि एक साधं भिंग घ्या.

आधी शिवण. हर्मेसची शिवण हाताची असते. मेण लावलेल्या एकाच लिननच्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी आरपार. याला सॅडल स्टिच म्हणतात, घोड्याच्या खोगिरांवरून आलेली पद्धत. हर्मेसची सुरुवात १८३७ मध्ये घोड्यांचं सामान बनवण्यातून झाली, त्याची ही उरलेली सही म्हणा. भिंगातून पाहिलं तर टाके किंचित तिरके दिसतात आणि एखादा टाका शेजारच्यापेक्षा केसभर वेगळा असतो. सगळे टाके रुळासारखे सरळ आणि हुबेहूब एकसारखे असतील तर ते मशिनचं काम. इथे अतिसफाई हीच शंकेची गोष्ट. उलट व्हिटॉन आणि शनेलच्या मशिनच्या शिवणीत वाकडेपणा, सुटलेले दोरे, गाठी चालत नाहीत.

शनेलच्या बॅगेवर शिवणीने पाडलेल्या चौकटी जुळतात का ते बघा. फ्लॅप, म्हणजे झाकण, बंद केल्यावर त्यावरची तिरकी रेघ बॅगेच्या अंगावरच्या रेघेला मिळायला हवी, आणि मागच्या खिशाची रेघ खिशाच्या कडेवर न तुटता पुढे जायला हवी. दर इंचाला टाके भरपूर असतात, म्हणून चौकट फुगीर आणि घट्ट राहते. टाके विरळ असले की ती पिचकलेली दिसते. कुलपावरच्या दोन सी अक्षरांत वरच्या बाजूला उजवा सी डाव्यावरून जातो आणि खालच्या बाजूला डावा उजव्यावरून. हे कुलूप डिझायनर कार्ल लागरफेल्ड १९८३ मध्ये शनेलमध्ये आल्यानंतरचं. फेब्रुवारी १९५५ मध्ये आलेल्या मूळ २.५५ बॅगेचं कुलूप साधं आयताकृती आहे. म्हणजे ‘साठच्या दशकातली’ म्हणून सांगितलेल्या बॅगेवर सी-सीचं कुलूप दिसलं तर तारीख तरी खोटी आहे, नाहीतर बॅग.

मग धातू. कड्या, चेन, झिपची ओढणी यांचं वजन हाताला जाणवायला हवं. मुलामा उडालेला असेल तर खाली काय दिसतं ते पाहा. जुना चांगला मुलामा घासला जातो. पापुद्रा निघून खाली राखाडी धातू दिसत असेल तर संशय घ्या. कोरलेली अक्षरं भिंगाखाली स्वच्छ कडेची दिसतात. नकली मालात अक्षरांचे काठ बुजलेले किंवा वितळल्यासारखे असतात.

ठसा. ब्रँडचं नाव चामड्यात किती खोल गेलं आहे, अक्षरांमधलं अंतर सारखं आहे का, ‘ओ’ खरोखर गोल आहे का. सेलीनच्या बाबतीत तर ठशावरून काळ ओळखता येतो. डिझायनर फीबी फिलोच्या काळातल्या, म्हणजे २००८ ते २०१८ च्या बॅगांवर पहिल्या ‘ई’च्या डोक्यावर तिरकी रेघ आहे. २०१८ मध्ये त्यांच्या जागी एदी स्लिमान आले आणि ती रेघ गेली.

आणि शेवटी कडा. चामड्याचे थर जिथे एकत्र येतात तिथे रंगाचा लेप असतो. हँडलच्या कडेवरून नखाने हलकेच बघा. लेप एकसंध असावा. जुन्या बॅगेत भेगा पडलेल्या असतील तर ते वय आहे, पण रबरासारखा ओघळलेला, जाडजूड लेप हे घाईचं काम.

व्हिटॉनच्या बॅगेवर एका बाजूची अक्षरं उलटी आहेत. नकली आहे का?

बहुधा नाही. स्पीडी आणि कीपॉलसारख्या बॅगांचं अंग कॅनव्हासच्या एकाच सलग तुकड्याचं असतं, खाली जोड नसतो. त्यामुळे एका बाजूला अक्षरं सुलट आली की दुसऱ्या बाजूला उलटी येणारच. अशा बॅगेच्या दोन्ही बाजू सुलट असतील आणि तळाशी जोड असेल, तेव्हा खरी शंका घ्यायची.

आणखी एक गैरसमज इथेच सांगते. १८९६ पासून चालत आलेला हा मोनोग्राम कॅनव्हास चामड्याचा नसतो. ते लेप दिलेलं सुती कापड आहे. चामडं असतं ते हँडल, पट्टे आणि कडांना, आणि तेही बिनरंगाचं, बिनलेपाचं गाईचं कातडं. उन्हाने आणि हाताच्या तेलाने ते मधाच्या रंगाचं होत जातं. बॅग तीस वर्षांची आणि हँडल पांढरंफटक असेल तर विचारा: हँडल बदललं का, कुठे बदललं, पावती आहे का?

झिपवर वायकेके लिहिलं आहे. म्हणजे नकलीच ना?

नाही. अनेक मोठ्या घरांनी वायकेके या झिप बनवणाऱ्या कंपनीच्या झिपा वापरल्या आहेत. लाम्पो, रिरी, एक्लेर ही नावंही जुन्या बॅगांवर दिसतात. ते नाव त्या ब्रँडच्या त्या काळाशी जुळतं का, एवढंच तपासा.

ऑनलाइन घेताना कोणते फोटो मागवू?

पुढून, मागून, तळ, चारही कोपरे, हँडलची मुळं, आतलं अस्तर उजेडात, खिसे उलटे करून, नंबर किंवा ठसा अगदी जवळून, झिपची मागची बाजू आणि कड्यांवरची कोरीव अक्षरं. कोपरे सर्वात जास्त खरं बोलतात; बॅग किती वापरली ते तिथे कळतं.

फोटो त्याच बॅगेचे आहेत याची खात्री करण्यासाठी शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून एक फोटो मागा. हे मागण्यात संकोच करू नका. प्रामाणिक विक्रेत्याला यात पाच मिनिटं लागतात. जो चिडतो, ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणतो किंवा नंबराचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो, त्याला नमस्कार करून पुढे निघा. तीच बॅग नाही तर तिच्यासारखी पुन्हा बाजारात येते.

विक्रेता कसा निवडू?

परत घेण्याचं धोरण लेखी आहे का, आणि ‘नकली निघाल्यास कधीही पूर्ण पैसे परत’ असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे का, हे सर्वात आधी वाचा. अमुक दिवसांतच परत घेऊ, असं असेल तर तेवढ्या दिवसांत स्वतंत्र तपासणी होईल का याचा हिशोब आधीच करा. व्हेस्टियेर कलेक्टिव्ह, द रियलरियल, फॅशनफाइलसारख्या मोठ्या कंपन्या माल तपासून विकतात. सोदबीज आणि क्रिस्टीज ही लिलावघरंही हँडबॅगांचे वेगळे लिलाव घेतात. तिथे धोका कमी असतो, शून्य नसतो. एका दिवसात शेकडो वस्तू माणसांच्या हाताखालून जातात, चूक होते. मोठं नाव बघून आपली तपासणी सोडू नका.

जपानमधल्या विक्रेत्यांबद्दल बरेच जण विचारतात. तिथे जुना माल विकायला परवाना लागतो, जुन्या डिझायनर बॅगांचा साठा मोठा आहे आणि वर्णनं बारकाईने लिहिलेली असतात. अक्षरांच्या श्रेणीत एस आणि एसए म्हणजे जवळपास नवी, ए आणि एबी म्हणजे नीट वापरलेली, बी म्हणजे खुणा स्पष्ट दिसणारी, आणि सी म्हणजे दुरुस्ती लागणारी. श्रेणी प्रत्येक दुकान आपापल्या परीने लावतं, म्हणून अक्षरापेक्षा फोटो बघा. आणि आयात कर, पाठवणी यांचा हिशोब आधी करा.

तपासून देणाऱ्या सेवा आणि ॲप विश्वासार्ह असतात का? ब्रँडच्या दुकानातच का नेऊ नये?

ब्रँडची दुकानं सहसा सेकंड-हँड बॅग अस्सल असल्याचं लिहून देत नाहीत. एक आडवाटेने मिळणारा दिलासा मात्र आहे: हर्मेस आणि व्हिटॉन आपल्याच अस्सल बॅगांची दुरुस्ती घेतात. त्यांनी बॅग दुरुस्तीला घेतली आणि पावती दिली तर ती पावती जपून ठेवा.

स्वतंत्र तपासनीस फोटोंवरून किंवा बॅग हातात घेऊन मत देतात. हातात घेऊन दिलेलं मत जास्त वजनाचं. एन्ट्रपीसारखी यंत्रणा कॅमेऱ्याने पृष्ठभाग अनेक पट मोठा करून आपल्याकडच्या नमुन्यांशी ताडून बघते. महागड्या खरेदीसाठी मी दोन वेगवेगळ्या ठिकाणांचं मत घ्यायला सांगेन, आणि दोन्ही विक्रेत्याने सुचवलेली नसावीत. विक्रेत्यानेच दाखवलेलं प्रमाणपत्र असेल तर ज्यांनी ते दिलं त्यांच्याकडे स्वतः विचारणा करा. प्रमाणपत्रंही बनावट असतात.

सुपरफेक म्हणजे काय?

चांगलं चामडं, जड धातू आणि हाताची शिवण वापरून, अस्सल बॅग उसवून तिचे भाग मोजून केलेली नक्कल. फोटोंवरून ती पकडणं जाणकारालाही अवघड जातं. अशा बॅगा मुख्यतः चालू मॉडेलांच्या असतात, कारण गिऱ्हाईक तिथे आहे. १९८७ सालची, फारशी प्रसिद्ध नसलेली बॅग त्या काळातल्या अस्तरासकट आणि झिपेसकट पुन्हा घडवायला कुणी बसत नाही. नवशिक्या माणसाने विंटेजकडे वळावं असं मी म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे.

बॅग खरी आहे, पण अवस्था कशी आहे ते कसं ठरवू? काय दुरुस्त होतं आणि काय नाही?

शिवण उसवली तर होते. हँडल बदलता येतं, झिप बदलता येते, कडांचा लेप पुन्हा देता येतो, घासलेले कोपरे चांगला कारागीर बऱ्यापैकी सावरतो. धातूला नवा मुलामाही देता येतो.

पेटंट, म्हणजे चकचकीत लेपाच्या, चामड्यावर दुसऱ्या वस्तूचा रंग चढला तर तो सहसा निघत नाही. कॅनव्हासला भेग गेली तर ती पुढे वाढतेच, विशेषतः जिथे घडी पडते तिथे. आणि चामडं कोरडं पडून तडकलं असेल तर तेल-क्रीम लावून ते जिवंत होत नाही. बाहेरून चकाकतं एवढंच.

सगळ्यात जास्त मनस्ताप देतं ते चिकट अस्तर. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या व्हिटॉनच्या काही बॅगांचे आतले खिसे आणि गुचीच्या कितीतरी बॅगांची अस्तरं कृत्रिम लेपाची होती. दमट हवेत तो लेप वर्षानुवर्षांत विघटित होतो. आधी हाताला चिकट लागतो, मग पापुद्रे निघतात, मग पावडर होऊन फोन-रुमालाला लागते. बाहेरून बॅग देखणी असते आणि फोटोत आतला भाग ‘किंचित वापरलेला’ दिसतो. म्हणून विक्रेत्याला नेमका प्रश्न विचारा: खिशात कागदाचा तुकडा दाबून ठेवला तर तो चिकटतो का? सोलतंय का? पापुद्रे असलेली बॅग घ्यायची असेल तर अस्तर पूर्ण बदलण्याचा खर्च धरूनच घ्या. पावडर लावून चिकटपणा झाकलेला असू शकतो, म्हणून फोटोत पांढुरकी धूळ दिसली तर तिचंही कारण विचारा.

वास जातो का?

सिगारेट आणि अत्तराचा वास हवेशीर सावलीत बॅग उघडी ठेवून हळूहळू कमी होतो. बुरशीचा वास अवघड. अस्तराखाली बुरशी असेल तर ती परत येते, आणि शेजारच्या बॅगांनाही लागते. ‘वास आहे का?’ हे फोटोंतून कळत नाही, म्हणून लेखी विचारून ठेवा.

रंग दिलेली किंवा सजवलेली बॅग घेऊ का?

स्वतःला वापरायची आणि आवडली असेल तर घ्या. पण रंग पुन्हा दिल्याचं विक्रेत्याने आपणहून सांगितलेलं असावं. टाक्यांच्या दोऱ्यावर रंग लागलेला दिसला किंवा ठशाची अक्षरं भरलेली दिसली तर रंगकाम झालं आहे. चित्रं काढलेल्या, भाग बदललेल्या बॅगा ब्रँड दुरुस्तीला घेत नाहीत आणि पुढे विकताना किंमत पडते.

मगर किंवा अजगराच्या कातड्याची जुनी बॅग परदेशातून मागवता येते का?

परवान्याशिवाय नाही, अशी धारणा ठेवून चला. धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापाराबद्दलचा साइटीस हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे. त्यातल्या प्रजातींच्या कातड्याची वस्तू, जुनी असली तरी, सीमा ओलांडताना कागदपत्रं मागते. कागद नसतील तर बॅग सीमेवर जप्त होते. पाठवणारा ‘काही होत नाही’ म्हणाला तरी आपल्या देशाच्या सीमाशुल्क विभागाकडे आधी चौकशी करा. शनेलने २०१८ मध्ये अशी कातडी वापरणं थांबवल्यामुळे त्यांच्या जुन्या बॅगा दुर्मीळ झाल्या आहेत, तेव्हा हा प्रश्न हल्ली जास्त येतो.

पैसे कसे देऊ?

तक्रार केली तर व्यवहार उलटवता येईल अशा मार्गाने: क्रेडिट कार्ड, किंवा माल पोचेपर्यंत पैसे मध्ये धरून ठेवणारा प्लॅटफॉर्म. ‘मित्रांना पाठवतात तसे पाठवा, शुल्क वाचेल’ असं कुणी सुचवलं तर नकार द्या. त्या वाचलेल्या शुल्काबरोबर संरक्षणही जातं. व्यवहाराचं बोलणं प्लॅटफॉर्मच्या संदेशांतच ठेवा. पार्सल उघडताना सीलपासून सलग व्हिडिओ घ्या, आणि विक्रेत्याने परतीचा टॅग लावला असेल तर तपासणी पूर्ण होईपर्यंत तो काढू नका.

गुंतवणूक म्हणून घ्यावी का?

वापरायला घ्या. मोजकी मॉडेलं किंमत टिकवतात, बाकीची फॅशनसोबत वर-खाली होतात. फेंडीची १९९७ ची बगेट आणि डिऑरची १९९९ ची सॅडल, दोन्ही मधली अनेक वर्षं विस्मरणात गेल्या आणि मग पुन्हा मागणीत आल्या. ते आधी ओळखणं कुणाच्या हातात नसतं. विमा, साठवण आणि विकतानाचं कमिशन हा खर्चही असतोच.

नकली निघाली तर?

त्याच दिवशी लेखी कळवा. दोन तपासनिसांची मतं, फोटो आणि पार्सलचा व्हिडिओ जोडा. विक्रेता ऐकत नसेल तर प्लॅटफॉर्मकडे आणि कार्डाच्या बँकेकडे मुदतीच्या आत तक्रार करा. बॅग परत पाठवताना पोचपावती आणि विमा असलेल्या सेवेनेच पाठवा, नाहीतर बॅगही जाते आणि पैसेही. आपले पैसे सोडवण्यासाठी ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारू नका. बहुतेक देशांत नकली माल विकणं हा गुन्हा आहे, आणि त्या बॅगेवर आपल्यासारखंच कुणीतरी जीव लावून पैसे साठवलेले असतात.

घरी कशी ठेवू?

सुती पिशवीत, आत साधा कोरा कागद भरून, उभी. वर्तमानपत्र भरू नका, शाई अस्तराला लागते. प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, दमटपणा आत कोंडला जातो. हँडलला धरून टांगली तर मुळं ताणली जातात. चेन मऊ कागदात गुंडाळून आत ठेवा, म्हणजे चामड्यावर तिचे वळ उठत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढून वारा लागू द्या, आणि शक्यतो वापरा.

पुढे कधी विकायची झाली तर काय जपून ठेवायला हवं?

खरेदीची पावती, तपासणीची मतं, विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद, दुरुस्तीच्या पावत्या आणि बॅग आली त्या दिवशीचे फोटो. हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत फोनबाहेरही असू द्या. हँडल किंवा अस्तर बदललं असेल तर काढलेला मूळ भागही फेकू नका. त्यावर ठसा किंवा कोड असेल तर पुढच्या खरेदीदाराला तो भाग बघायचाच असतो.